इलारियोनची पिशवी

त्या वसंतात प्रोफिरा होजबोताच्या कुंपणावर कोणीतरी डांबरानं लिहून गेलं, 'ब्रसेल्सला चालती हो.' आता ही बाई उभ्या जन्मात सुचावा शहराच्या पलीकडे गेलेली नाही, आणि सुचावालाही गेली ती दाढ काढायला. सकाळी दूध आणायला बाहेर पडली, अक्षरं वाचली, आणि आळीतल्या सगळ्या बंद खिडक्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अक्षर झकास आहे रे बाबा! शाळेत असंच काढलं असतंस तर आज सॉमिलमध्ये भुसा भरत बसला नसतास!" एकही खिडकी उघडली नाही. तिनं ते पुसलंही नाही. ज्यानं लिहिलं त्यानंच पुसावं, असं तिचं म्हणणं.

आमच्या ब्रादेत गावात तिला गोड बाई कोणी कधी म्हटलं नाही. अठराव्या वर्षी ती सरकारी सॉमिलमध्ये फळ्या रचायला लागली. विसाव्या वर्षी करवतीनं डाव्या हाताचं अर्धं बोट नेलं, तर दुसऱ्या आठवड्यात पट्टी बांधून परत हजर. सरकार बदललं, मिल झाहारोविचनं विकत घेतली, यंत्रं ऑस्ट्रियाहून आली, माणसं निम्मी झाली, पण ओंडके मोजायला प्रोफिराच. ओंडका हुंगून सांगायची, हा सावलीतल्या उताराचा, हा ओढ्याकाठचा. ट्रकवाले तिला टरकून असत. एकानं एकदा बारीक ओंडके आत लपवून वर जाड रचले होते. तिनं सगळा ट्रक त्याच्याकडूनच हातानं उतरवून घेतला आणि स्वतः स्टूल टाकून समोर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली.

नवराही असाच शोधून काढलेला. इलारियोन होजबोता, वनरक्षक. जंगलात कोणतं झाड तोडायचं हे वनरक्षक ठरवतो, आणि त्याच्याकडे त्यासाठी एक छापाचा हातोडा असतो. एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला उठावाचा आकडा. पात्यानं साल सोलायची, आकड्यानं ठोका मारायचा. खोडावर एक छाप, मुळाशी एक छाप, आणि जाड ओंडका असेल तर कापलेल्या तोंडावरही एक. छाप असेल ते लाकूड हक्काचं, नसेल ते चोरीचं. इलारियोनचा आकडा होता ४१७. गावाच्या वर झऱ्याचा उतार आहे, त्याच झऱ्याचं पाणी अख्खं गाव पितं. त्या उतारावर इलारियोननं सव्वीस वर्षांत एकदाही हातोडा उचलला नाही. मेयरनं सांगून पाहिलं, चर्चच्या छपरासाठी फादरनं मागून पाहिलं. "छपराला लाकूड दुसरीकडून देतो फादर, पाणी दुसरीकडून आणता येत नाही," एवढं बोलून तो निघून जायचा. नवरा-बायको दोघंही गावाला सारखेच नकोसे होते, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

मग ब्रसेल्सहून तो युरोपचा नियम आला. परदेशात फर्निचर विकायचं असेल तर लाकूड कुठल्या जंगलातलं, कोणी तोडलं, कोणाच्या छापाचं, ते कागदावर दाखवा. झाहारोविचची लगबग काय विचारता! फाटकावर हिरव्या पानाचा मोठा बोर्ड लागला. 'जबाबदार लाकूड विभाग' असा एक विभाग निघाला आणि त्या विभागात एकच खुर्ची, तिच्यावर प्रोफिरा. मिलच्या कॅलेंडरवर तिचा फोटोसुद्धा छापला, डोक्याला नवा रुमाल, हातात ओंडका मोजायची पट्टी, तोंड आंबट. "जरा हसा ना बाई," असं फोटोवाला म्हणाला होता. "का? लाकूड हसल्यानं सरळ होतं का?" ती म्हणाली.

दोन वर्षांत वारं फिरलं. नियम एकदा पुढं ढकलला, मग पुन्हा ढकलला. टीव्हीवर रोज कोणीतरी मुठी आपटून सांगायचं की या हिरव्या नियमांनी आपलं पोट मारलं. आमच्या खोऱ्यात प्रेलिपचान नावाचा उमेदवार उगवला. माणूस पूर्वी जुन्या गाड्या विकायचा, आता देश वाचवत होता. भिंतीभिंतीवर त्याचे पोस्टर, 'नियम त्यांचे, भूक आपली.' झाहारोविचनं एका दुपारी हिरव्या पानाचा बोर्ड उतरवला, उलटा केला आणि फाटकावरच्या कुत्र्याच्या घरावर छप्पर म्हणून ठोकला. प्रोफिराची खुर्ची सुकवणीच्या भट्टीमागच्या खोलीत गेली आणि दारावर पाटी लागली, 'लाकूड गुणवत्ता'.

"काम तेच करायचं बाई," झाहारोविच हळू आवाजात म्हणाला. "जर्मन गिऱ्हाईक अजून कागद मागतंय. पण बाहेर बोलायचं नाही. लोकांची डोकी तापलीत."

"म्हणजे मी लपून खरं बोलायचं?"

"तुम्ही सही करायची. खरंबिरं काय ते नंतर बघू."

इकडे अंगणात कामगारांसमोर हाच माणूस प्रेलिपचानच्या खांद्यावर हात टाकून नियमांना शिव्या घालायचा, आणि तिकडे ऑफिसात त्याच नियमाच्या कागदावर प्रोफिराची सही घ्यायचा. लाज म्हणून काही चीज असते, ती या माणसानं बहुतेक जुन्या यंत्रांबरोबर भंगारात विकली असावी. शिव्या मात्र खायला प्रोफिरा. मिलमधली एक पाळी कमी झाली, प्रोफिरामुळे. डिझेल महागलं, तेही प्रोफिरामुळे. दुकानात पावासाठी रांगेत उभी राहिली की पुढची बाई सरकून पाठ करायची.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी ट्रक आला, स्प्रूसच्या जाड ओंडक्यांचा. प्रोफिरा पट्टी घेऊन गेली, वाकली, आणि तिथंच थांबली. ओंडक्याच्या तोंडावर ताजा छाप होता. ४१७. दुसऱ्यावर ४१७. तिसऱ्यावर तोच. तिनं ओंडका हुंगला. झऱ्याच्या उताराचा होता. इलारियोनला जाऊन चार वर्षं झाली होती.

तिला पट्टीवरचे आकडे दिसेनात. ती ट्रकच्या चाकाला टेकून खाली बसली, आणि ड्रायव्हरला वाटलं म्हातारीला चक्कर आली.

हातोडा कुठं गेला होता, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि खरं सांगायचं तर चार वर्षं ते तिला आतून माहीतच होतं. इलारियोन गेला तो तापानं. शनिवारी जंगलातून थेट घरी आला, ऑफिसात हातोडा जमा न करताच अंथरुणाला खिळला आणि तिसऱ्या दिवशी संपला. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या वस्तू त्याच्या शवपेटीवरून पलीकडच्या माणसाला देतात. जे इथं द्याल ते त्याला तिथं मिळतं. कोट दिला की तिथं कोट, बूट दिले की तिथं बूट. आणि रिकामं काही द्यायचं नसतं, भांडं असो की पिशवी, नाहीतर मेलेल्याच्या हाती तिथं रिकामंच येतं. प्रोफिरानं त्याची कातडी पिशवी खुंटीवरून काढली, आत न बघता वरून एक वेणीचा पाव आणि एक मेणबत्ती घातली, आणि पेटीवरून कासियानच्या हातात दिली. कासियान म्हणजे परका नव्हे. त्याच्या लग्नात इलारियोन आणि प्रोफिरा धर्मबाप-धर्मआई म्हणून उभे राहिले होते, नवरा-नवरीच्या डोक्यावर मुकुट त्यांनीच धरले होते. "देव त्यांना क्षमा करो," म्हणून कासियाननं पिशवी घेतली, आणि रडला पण.

तीन आठवड्यांनी वनखात्याची माणसं हातोडा मागायला आली. तिनं घर उलटंपालटं केलं. कासियानला विचारलं. "धर्मआई, पिशवीत पाव होता आणि मेणबत्ती होती," तो म्हणाला, डोळ्याला डोळा न भिडवता. दिलेलं दान उघडून दाखव, असं म्हणायचं कोणत्या तोंडानं? तिनं खात्याला लिहून दिलं, 'हरवला, बहुधा ओढ्यात पडला असावा.' स्वतःच्या हातानं लिहिलं आणि सही केली.

आता त्या खोट्या सहीच्या आडून झऱ्याच्या उताराचं लाकूड खाली येत होतं, आणि प्रत्येक ओंडक्यावर इलारियोनचं नाव ठोकलेलं होतं. सव्वीस वर्षं ज्यानं तिथं हातोडा उचलला नाही, त्याचं नाव!

ती सरळ झाहारोविचकडे गेली. "हा छाप रद्द झालेला आहे. मेलेल्या माणसाचा आहे. मी सही करणार नाही."

झाहारोविचनं दार लावून घेतलं. "बाई, छाप आहे ना? आकडा वाचता येतो ना? जर्मन माणूस इथं येऊन कोणाचं थडगं उकरणार आहे का?"

"तुम्हाला माहीत होतं."

"मला लाकूड माहीत असतं. तुम्ही सही करा, नाहीतर शनिवारी अंगणात सभा आहे, लोकांना मीच सांगतो की मिल कोण बंद पाडतंय ते. आणि हो, हातोडा कोणी हरवला, ते लिहून कोणी दिलं होतं? नाव कोणाचं खराब होईल, विचार करा."

तिथून ती कासियानकडे. तो अंगणात साखळीकरवतीला धार लावत होता. ती काही बोलायच्या आत म्हणाला, "कसला हातोडा? धर्मआई, तुझ्या नियमांनी डोकं फिरलंय तुझं." त्याची बायको ग्लिकेरिया दारात कंबरेवर हात ठेवून उभी. "मुलांच्या तोंडचा घास काढायला आलीस का गं? आधी पाळी गेली, आता काय नवरा तुरुंगात घालतेस?"

"उताराचं झाड तोडतोयस, कासियान. पाणी आटेल."

"मग ब्रसेल्सहून आण!" तो म्हणाला, आणि करवत सुरू केली, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

पोलिसाकडे जाण्यात अर्थ नव्हता. पोलीस शिपाई आणि कासियान रोज एकाच टेबलावर आलुबुखाराची दारू पीत. झडती घेतलीच असती तरी हातोडा शेणाच्या ढिगात, विहिरीत, कुठंही गेला असता आणि आठवड्यानं पुन्हा वर आला असता. प्रोफिरा तीन दिवस भट्टीमागच्या खोलीत बसून राहिली. सही केली नाही, जेवणाचा डबाही उघडला नाही. तिसऱ्या दिवशी उठली तेव्हा काय करायचं ते तिचं ठरलं होतं. ते केल्यावर गावात तिला कोण काय म्हणेल, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. ती सरळ केस विंचरायला बसली.

शनिवारी दुपारी मिलच्या अंगणात सभा. ट्रकच्या पाठीवर प्रेलिपचान, बाजूला झाहारोविच, आणि 'नियमांनी भरडलेला कष्टकरी' म्हणून इस्त्रीच्या शर्टात कासियान. खाली कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या मांसाच्या गोळ्यांची भांडी वाफाळत होती. माणसं पोटभर जेवली होती आणि पोटभर चिडली होती.

"तुमची भाकरी कोणाच्या पेनात अडकलीय, ठाऊक आहे?" प्रेलिपचाननं ओरडून विचारलं. "ती बघा, तिथं उभी आहे! या ना बाई, वर या! ब्रसेल्स कसं दिसतं ते लोकांना बघू दे!"

हशा उसळला. कोणीतरी शिट्टी मारली, कोणीतरी पावाचा तुकडा फेकून मारला. लोकांनी वाट करून दिली, मजा बघायला. प्रोफिरा चालत ट्रकपर्यंत आली. वर चढली नाही. प्रेलिपचानकडे तिनं बघितलंही नाही.

"कासियान," ती म्हणाली, "इलारियोनच्या पेटीवरून मी तुला पिशवी दिली होती."

कासियानचा चेहरा उतरला. "धर्मआई, इथं कशाला..."

"ती मला परत दे."

 तुम्हाला सांगतो, आमच्या गावात लोक जंगल चोरतात, एकमेकांची सीमा सरकवतात, भाऊ भावाला कोर्टात खेचतो. पण मेलेल्याच्या नावानं दिलेलं परत मागितलेलं कोणी कधी ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्या बायकांनी छातीवर क्रूस काढला. फादर भांड्याजवळ उभे होते, त्यांचा चमचा हातातच राहिला.

"तोंड आवर, प्रोफिरा!" फादर म्हणाले. "दान आहे ते!"

"आवरत नाही. फादर, मी चुकीचं दिलं. त्यात त्याचा हातोडा होता. मी बघितलं नाही, आणि नंतर उघडून दाखव म्हणायला लाजले, आणि खात्याला खोटं लिहून दिलं. माझ्या हातानं. त्याच हातोड्यानं हा झऱ्याचा उतार कापतोय, आणि तिकडं माझा नवरा चोर ठरतोय." ती कासियानकडे वळली, आणि आता तिचा आवाज चिरकला. "इलारियोनला दिलेलं मी इलारियोनच्या नावानं परत मागते. ऐकलंस? त्याच्या नावानं! आता ठेव घरात, ठेवायची छाती असेल तर!"

ग्लिकेरियानं किंकाळी फोडली. परत मागितलेलं दान घरात ठेवलं तर मेलेला माणूस स्वतः ते न्यायला येतो, आणि रिकाम्या हातानं परत जात नाही, हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत. पोलिसाच्या झडतीला ती बाई हसली असती. याला कशी हसणार? घरात दोन मुलं झोपतात.

"आण ती!" ती नवऱ्यावर ओरडली.

"गप बस, मूर्ख! नाहीय काही—"

"गोठ्यात आहे! छपराखाली आहे!" ग्लिकेरिया धावत सुटली. तिला कोणी अडवलं नाही. प्रेलिपचान माइक धरून उभा. झाहारोविच ट्रकच्या पलीकडच्या बाजूनं उतरून गेला. दहा मिनिटं लागली असतील. अख्खं गाव उन्हात उभं होतं आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

ग्लिकेरिया आली ती घामानं निथळत. पिशवी तिनं दोन काठ्यांना अडकवून आणली होती, हात न लावता, आणि प्रोफिराच्या पायाशी टाकली. "घे! आता तिकडं नागवा, उपाशी फिरू दे तुझा नवरा! तुझ्यामुळं! तूच काढून घेतलंस त्याचं!"

प्रोफिरा वाकली. पिशवी उघडली. वर वाळून दगड झालेला वेणीचा पाव होता, मेणबत्तीही होती. कासियान तेवढं खोटं बोलला नव्हता. खाली हातोडा. आकड्यात ताजी राळ भरलेली. तिनं रुमालानं राळ पुसली, हातोडा काखेत धरला आणि फाटकातून बाहेर पडली. मागून कोणीतरी थुंकलं, ते तिनं ऐकलं.

सोमवारी तिनं हातोडा वनखात्यात जमा केला. चौकशी झाली. झऱ्याच्या उतारावर एकशे बारा बुडखे सापडले. तोडणारा कोण ते सिद्ध झालं नाही. पिशवी गोठ्यात होती, गोठा उघडा असतो, कोणीही ठेवली असेल. कासियान आता प्रेलिपचानची गाडी चालवतो. सिद्ध झालं ते एकच, की प्रोफिरा होजबोतानं चार वर्षांपूर्वी खात्याला खोटं लिहून दिलं होतं. तसं तिनंच सभेत सांगितलं होतं, साक्षीला गाव होतं. झाहारोविचनं तिला बोलावून पत्र हातात दिलं. "बाई, मला वाईट वाटतं, पण जर्मन गिऱ्हाईकाला काय सांगू? खोटी सही करणारी व्यक्ती या पदावर चालत नाही. नियम म्हणजे नियम."

त्या नियमाखाली आमच्या खोऱ्यात नोकरी गेलेलं माणूस ते एकच. भट्टीमागच्या खोलीत आता झाहारोविचची भाची बसते. भराभर सह्या करते, असं म्हणतात. उतारावरची तोड मात्र तेवढी थांबलीय. छाप नाही ना.

जूनमध्ये मृतांचा शनिवार आला. त्या दिवशी सगळ्या बायका स्मशानात आपापल्या कबरीजवळ उभ्या राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाव आणि मेणबत्ती देतात, आपल्या माणसाच्या नावानं. प्रोफिरानं पहाटे उठून सात वेण्या वळल्या होत्या, वर साखर पेरली होती. पहिली पुढं धरली ती शेजारणीसमोर. शेजारणीनं हात पाठीमागे नेले. दुसरीनं नेले. पोस्टातला क्लार्क वाट बदलून गेला. फादर धूपदान हलवत आले, इलारियोनचं नाव वाचलं, कारण ते वाचावंच लागतं, आणि पाव न घेता पुढं सरकले. ग्लिकेरिया तीन कबरी पलीकडे उभी राहून बघत होती.

"घ्या की!" प्रोफिरा अख्ख्या स्मशानाला ऐकू जाईल अशी ओरडली. "हे नाही मागणार परत!"

एकानंही हात पुढं केला नाही.  मग ती कबरीच्या कठड्यावर बसली. मेणबत्ती पेटवून मातीत रोवली. पाव मोडला, "इलारियोन, हा तुझा," म्हणाली, आणि स्वतःच खायला लागली. सगळ्यांच्या समोर, सावकाश, डोळ्यांतून पाणी गळत असताना. पहिला संपल्यावर तिनं दुसरा घेतला.